हवालदाराची मंगळवारची आंघोळ

बाईंच्या धाकट्या भावाने आपला बुलडॉग त्यांच्या घरी आणून सोडला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. दोन वाजता एक आवाज ऐकून बाई खुर्चीतून ताडकन उठल्या आणि बाथरूमकडे धावल्या.

दारापाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आवाज इथून येत नाहीये. तो मागच्या खोलीतून येत होता. कपाटाच्या आडोशाला फरशीवर कुत्रा पोट टेकून, चारी पाय फाकवून झोपला होता आणि घोरत होता. आधी एक घर्र, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम घशाच्या तळातून ओढलेला ओला, अडखळता श्वास. बाईंनी चौकट घट्ट धरली. हा आवाज त्यांनी आठ वर्षांपूर्वी ऐकला होता. तेव्हा तो माणसाच्या घशातून आला होता.

कुत्र्याचं नाव हवालदार. रुंद छाती, लोंबते गाल, आणि समोर कुणीही आलं तरी ‘कागदपत्रं दाखवा’ असा चेहरा. म्हणून भावानेच ते ठेवलेलं. भाऊ कारखान्यांतून यंत्रं बसवायचं काम करायचा. त्याला तीन महिन्यांसाठी दुसऱ्या गावी पाठवलं होतं आणि तिथल्या खोलीत कुत्रा चालणार नव्हता.

“ताई, तीनच महिने,” तो म्हणाला होता. “खायला दोनदा, फिरायला दोनदा. बाकी दिवसभर हा लोळतो. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा.”

“आणि आंघोळ?”

“ती काय, आठवड्यातून एकदा घातली की झालं.”

हे बोलताना त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. पाण्याचा विषय तिच्यापुढे काढायचा नाही, ही गोष्ट घरात सगळ्यांनी कानाला खडा लावून पाळली होती.

बाईंनी बावीस वर्षं गावाच्या जलतरण तलावावर बायकांना पोहायला शिकवलं होतं. सकाळी दहा ते अकरा बायकांची तुकडी, त्याआधी मुलींची. त्यांची शिट्टी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची. नव्या तुकडीला पहिल्या दिवशी त्या सांगायच्या, “इथे कुणी कुणाला पाण्यात पाहायचं नाही. सगळ्यांनी पाण्यात उतरून पाहायचं.” बायका हसायच्या, आणि हसल्या की त्यांचे खांदे सैल पडायचे. मग बाई दुसरी गोष्ट सांगायच्या, आणि तेव्हा त्या स्वतः हसत नसत. “बुडणारा माणूस ओरडत नाही. सिनेमात ओरडतो. खरा बुडणारा गप्प असतो. म्हणून आपण कानांवर विसंबायचं नाही, डोळे उघडे ठेवायचे.”

त्याच बाई आता बादलीत चार बोटांपेक्षा जास्त पाणी भरत नव्हत्या. चार बोटं भरली की नळ बंद, ते संपलं की पुन्हा चार बोटं. भांडी वाहत्या नळाखाली घासायची, कपडे धोब्याकडे टाकायचे. बाथरूमचं दार दिवसा ओढून घ्यायचं. कुणी विचारलंच तर सांगायच्या, “दमट हवा घरात येते.” एकट्या राहत असल्यामुळे विचारायला फारसं कुणी नव्हतंही.

पंधरा दिवस त्यांनी हवालदाराला ओल्या फडक्याने पुसून काढलं. पाठ, पोट, पाय. चेहऱ्याच्या घड्यांमध्ये बोट घालायला त्यांचं मन धजावत नव्हतं, कारण तिथे हात नेला की तो गरम, अडखळता श्वास मनगटावर यायचा. तिसऱ्या आठवड्यात कुत्र्याला वास यायला लागला. ओल्या पायपुसण्यासारखा आंबूस वास. तो भिंतींना अंग घासू लागला, शेपटीच्या बुंध्याशी कातडं लालेलाल झालं. शेवटी बाई त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर पोक्त आणि तिरकस होते. त्यांनी नाकावरची घडी दोन बोटांनी फाकवली, आत पाहिलं आणि विचारलं, “शेवटची आंघोळ कधी?”

“परवाच,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कुत्र्याकडे पाहिलं. “काय हो हवालदार, खरं का?” मग ते बाईंकडे वळले. “बाई, याच्या अंगाला निदान महिनाभर पाणी लागलेलं नाही. घड्यांत बुरशी झालीय. या औषधी साबणाने दर मंगळवारी आंघोळ. फेस अंगावर दहा मिनिटं ठेवायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचं, आणि प्रत्येक घडी कोरडी करायची. नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. आणि टबबिब भरून त्यात सोडू नका. या जातीला पोहता येत नाही. डोकं जड, पाय आखूड, दगडासारखा तळाला जाईल.”

बाईंच्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे, पण डॉक्टरांचा सूर एकदम उतरला. “आमच्याकडची एक जण घरी येऊन दाखवेल,” ते म्हणाले. “तिच्या हाताखालून सिंह गेला तरी मांजर होऊन बाहेर येतो.”

मंगळवारी साडेदहाला ती आली. चौतीस-पस्तिशीची, दंड कसलेले, केस आवळून बांधलेले, खांद्याला रबरी एप्रनची पिशवी. डॉक्टरांच्या दवाखान्यात तिला सगळे आंघोळवालीच म्हणायचे आणि तीही फोनवर ‘आंघोळवाली बोलतेय’ असंच सांगायची.

“तुम्ही बसा,” बाई म्हणाल्या.

“मला अहोजाहो नको. कुत्रीसुद्धा दचकतात.” ती थेट बाथरूमकडे गेली, दार उघडलं आणि आत डोकावून म्हणाली, “बादली एकच? बरं, भरू या.”

नळ सुटला. बादलीत पाणी आधी खणखणत पडलं, मग आवाज जाड होत गेला, मग भरलेल्या पाण्यात पाणी पडण्याचा तो खोल आवाज सुरू झाला. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. आठ वर्षांत त्यांच्या घरात बादली काठोकाठ भरली नव्हती. त्यांना औषध टाकलेल्या तलावाचा वास आला. घरात तसलं काही नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं. पण वास येतच राहिला.

बाथरूममधून आंघोळवालीचं बोलणं ऐकू येत होतं. “चला साहेब. मान वर. हां, कानात कापूस. रागावू नका.” मग पाणी ओतल्याचा आवाज. आणि मग कुत्र्याने तो श्वास ओढला. ओला, अडकलेला.

बाई धावत गेल्या आणि त्यांनी दार धाडकन ढकललं. “काय झालं त्याला?”

आंघोळवाली गुडघ्यांवर बसली होती. हवालदार फेसाने माखलेला, चारी पायांवर ढिम्म उभा. “काही नाही,” ती शांतपणे म्हणाली. “याचं नाकच चपटं. हा जन्मभर असाच श्वास घेणार.” मग तिने बाईंकडे नीट पाहिलं. बाई फरशीवरच्या पाण्यापासून पाय मागे घेत होत्या. “तुम्ही पाण्याला घाबरता का हो?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

त्या दारातच उभ्या राहिल्या. कुत्रा आंघोळवालीकडे बघत नव्हता. तो बाईंच्या खांद्याजवळून, दारालगतच्या नळाच्या कोपऱ्याकडे बघत होता, जणू तिथे कुणी उभं आहे आणि ते कोण आहे हे त्याला माहीत आहे. त्याची आखूड शेपटी दोनदा हलली. बाईंनी तिकडे वळून पाहिलं नाही. त्या कोपऱ्यात कोण असतं हे त्यांना पाहायची गरज नव्हती.

तिला तलावावरच्या मुली पोस्टमास्तरीण म्हणायच्या. ती पोस्टात साधी कारकून होती, पण पाण्यात उतरतानाही चेहरा असा, की आता एखाद्या पाकिटावर शिक्का मारणार. वय बावन्न. ‘निवृत्तीआधी एकदा या टोकाकडून त्या टोकाला जायचं’ असं म्हणत ती आली आणि पहिले दोन आठवडे कठडा सोडायला तयार होईना. हात सोडायच्या आधी दर वेळी विचारायची, “बाई, आहात ना?” आणि बाई म्हणायच्या, “हात सोडा, मी आहे.”

त्या दिवशी आधीच्या तुकडीतून मागे राहिलेल्या एका मुलीचा गुडघा फरशीवर घसरून फुटला होता. बाई पाठ वळवून पट्टी बांधत होत्या. दोन मिनिटं, फार तर अडीच. तलावावर दोघी असायला हव्यात असा नियम होता. दुसरीची जागा वर्षभर रिकामीच होती. पोस्टमास्तरणीने त्या दिवशी न विचारता हात सोडला होता, की विचारलं होतं आणि बाईंना ऐकू आलं नव्हतं, हे कधीच कळलं नाही. बाई वळल्या तेव्हा पाण्यावर फक्त पिवळी टोपी दिसत होती.

त्यांनी तिला बाहेर काढलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. पाचव्या मिनिटाला तिच्या घशातून आवाज आला. घर्र, मग शांत, मग एक ओला, खोल श्वास. बाई ओरडल्या, “आला! श्वास आला!” भोवतालच्या बायका रडायला लागल्या, कुणी हात जोडले. बाईंनी तिला कुशीवर वळवलं, तिचा हात हातात घेतला आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत बसल्या. चार मिनिटं.

तो श्वास नव्हता. मरणारं शरीर शेवटी तसे आवाज करतं. त्या आवाजांना फसायचं नाही, छाती दाबत राहायचं. हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. दर दोन वर्षांनी त्या याची परीक्षा देत आल्या होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांचं उत्तर बरोबर आलं होतं. रुग्णवाहिकेतल्या माणसाने येताक्षणी छाती दाबायला सुरुवात केली आणि मान वर न करता विचारलं, “दाबणं थांबवून किती वेळ झाला?”

बाई म्हणाल्या, “आत्ताच.”

पुढे चौकशी झाली. गुडघा फुटलेल्या मुलीने साक्ष दिली, रिकाम्या जागेचा कागद निघाला. बाईंवर ठपका आला नाही. ती चार मिनिटं कुणी विचारलीच नाहीत. बाईंनी महिनाभरात नोकरी सोडली. लोक म्हणाले, मनाला लावून घेतलं बिचारीने. बाईंना त्या ‘बिचारी’चा चटका बसायचा. चोरावर कुणी दया दाखवली तर त्याला बसेल तसा.

आंघोळवाली दुसऱ्या मंगळवारीही आली. या वेळी बाई दारात न थांबता आत आल्या आणि टॉवेल धरून उभ्या राहिल्या. आंघोळवालीने त्यांना घडी कशी पुसायची ते दाखवलं. आधी ओला बोळा, मग कोरडा, मग आत बोट फिरवून ओल राहिली नाही ना ते बघायचं. “कंजूष माणूस पाकीट तपासतो तसं,” ती म्हणाली. बाई हसल्या. आपण या खोलीत हसलो, हे लक्षात आल्यावर त्यांनी घाईने पुढची घडी पुसायला घेतली. आंघोळवाली निघताना जरा घुटमळली, काही बोलेलसं वाटलं. पण “पुढच्या मंगळवारी” एवढंच म्हणून गेली.

तिसऱ्या मंगळवारी कडाक्याची थंडी होती. कुत्र्याला गारठा बसू नये म्हणून आंघोळवालीने खिडकी लावली आणि गरम पाणी सोडलं. बाथरूम वाफेने भरून गेलं, आरसा पांढरा झाला. ती मागच्या पायांवरचा फेस धूत होती, बाई पुढे बसून हवालदाराची हनुवटी धरून होत्या. कुत्रा घोरल्यासारखा आवाज करत होता, नेहमीसारखाच. आंघोळवाली पाणी ओतता ओतता काहीतरी सांगत होती.

“थांब,” बाई म्हणाल्या.

“काय झालं?”

“आवाज येतोय, पण छाती हलत नाहीये. हा श्वास खोटा आहे.”

आंघोळवालीने वर पाहिलं. हवालदाराची जीभ जांभळी पडली होती, डोळे कुठेतरी भलतीकडेच लागले होते. पुढचे पाय वाकले आणि पंचवीस किलोचा तो देह बाईंच्या मांडीवर कोसळला.

“खिडकी उघड. गरम नळ बंद, गार सोड. पोटावर आणि काखेत, डोक्यावर नको.” बाईंचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जावा असा निघाला होता. त्यांनी कुत्र्याचा जबडा उघडला, जीभ पुढे ओढली, घशात दोन बोटं घातली आणि चिकट, दोरीसारखा फेस बाहेर काढला. पुन्हा घातली, पुन्हा काढला. दुसरा हात बरगड्यांवर होता. कुत्र्याने एकदा मोठ्याने श्वास ओढला.

“आला!” आंघोळवाली म्हणाली.

“गप्प. पाणी ओतत राहा.”

बाईंचा हात बरगड्यांवरून हलला नाही. छाती उचलली गेली. पडली. पुन्हा उचलली गेली. त्या मोजत राहिल्या. वीस झाले तरी थांबल्या नाहीत, चाळीस झाले तरी नाहीत. जीभ आधी करडी आणि मग गुलाबी झाली. हवालदाराने डोकं उचललं, बाईंकडे ओळख नसल्यासारखं बघितलं आणि त्यांच्या अंगावर शिंकला.

दोघीही भिजून चिंब झाल्या होत्या. नाली तुंबून बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी साचलं होतं आणि बाई त्यात बसल्या होत्या. आंघोळवालीने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दहा मिनिटांत पोचतो म्हणून सांगितलं. फोन ठेवून ती बाईंसमोर त्याच पाण्यात बसली.

“खोटा श्वास म्हणजे?” तिने विचारलं.

बाईंनी कुत्र्याच्या तोंडावरचा फेस पुसला.

“मी तुम्हाला पहिल्या दिवशीच ओळखलं,” ती म्हणाली. “तोंडावरून नाही, आवाजावरून. मी सुट्टीला आले की आई घरी तुमची नक्कल करायची. ‘हात सोडा, मी आहे.’ खुर्चीवर पालथी पडून हातपाय मारायची आणि मध्येच तुमच्या आवाजात स्वतःला रागवायची. बाबा हसून हसून बेजार व्हायचे.”

बाईंना आता तिच्या चेहऱ्यात पोस्टमास्तरीण दिसली. हसरं काही नाही, तेच ते शिक्का मारायला निघालेलं कपाळ. मुलगी परगावी नोकरीला आहे असं तेव्हा ऐकलं होतं.

“मग पुन्हा का आलीस?” बाईंनी विचारलं.

“पहिल्यांदा डॉक्टरांनी पाठवलं. नंतर... तुमचं कसं चाललंय ते बघायचं होतं. तुमच्यावर राग नव्हता माझा. तुम्ही तिला बाहेर काढलंत, श्वास आणलात. ती थोडा वेळ का होईना जगली, असं सगळे सांगतात. बाबा अजून तेच धरून आहेत. म्हणतात, बाईंनी तिचा हात धरला होता, ती एकटी गेली नाही.”

 इथे गप्प बसायला हरकत नव्हती. आठ वर्षं जमलं होतं. पण त्यांची बोटं अजून त्या बरगड्यांवर होती आणि बरगड्या वरखाली होत होत्या.

“तो श्वास नव्हता,” त्या म्हणाल्या. आणि सांगितलं. पाठ वळवल्याचं नाही, ते सगळ्यांना माहीत होतं. चार मिनिटांचं सांगितलं. हात धरून नुसतं बसून राहिल्याचं आणि ‘आत्ताच’ म्हटल्याचं. “मला माहीत होतं. शिकले होते मी. पण तो आवाज ऐकला आणि मला तो खरा हवा होता.”

 आंघोळवाली उठली, नालीतला केसांचा बोळा काढला, पाणी वाहून जाऊ दिलं. टॉवेल घेऊन हवालदाराच्या चेहऱ्याची एकेक घडी पुसली, सावकाश, एकही न चुकवता. डॉक्टर आले, कुत्र्याला तपासलं, सुई टोचली, म्हणाले, “थोडक्यात बचावला.” त्यांच्याबरोबर ती दारापर्यंत गेली आणि तिथून न वळता म्हणाली, “पुढच्या मंगळवारी मी येणार नाही.”

ती आली नाही. त्यापुढच्या मंगळवारीही नाही.

पण बुरशीला कुणाच्या रुसव्याफुगव्याचं काय? आंघोळ चुकवून चालणार नव्हतं. पहिल्या मंगळवारी बाईंनी सकाळपासून तीन वेळा बादली भरायला घेतली आणि तीन वेळा चार बोटांवर नळ बंद केला. चौथ्यांदा त्यांनी डोळे मिटून नळ सोडला आणि पाणी काठावरून पायांवर सांडेपर्यंत मिटूनच ठेवले. मग खिडकी सताड उघडी टाकली, हवालदाराला आत घेतलं आणि पाणी कोमट आहे ना ते कोपराने पाहिलं.

पाणी ओतताना तो आवाज आलाच. कुत्र्याच्या घशातला, आणि त्याच्यामागे दुसरा, आठ वर्षं ओळखीचा: बाई, आहात ना? हवालदाराने मान फिरवली आणि त्यांच्या खांद्यामागे नळाच्या कोपऱ्याकडे टक लावून पाहिलं.  तिथे ती उभी असते, पिवळ्या टोपीतून पाणी निथळत, हे त्यांना पाठीच्या कातडीने कळायचं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं.

कोपऱ्यात नळ होता. त्याखाली गंजाचा ओघळ, झाडू आणि साबणाचा चुरा.

बाई तिकडे बघत राहिल्या. सुटल्यासारखं वाटेल अशी त्यांची कल्पना होती. त्याऐवजी त्यांना भयंकर एकटं वाटलं, घरातलं माणूस न सांगता निघून जावं तसं. त्या फेसाळलेल्या कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून रडल्या. हवालदार दहा मिनिटं हलला नाही. फेसही नेमका दहा मिनिटंच ठेवायचा होता.

दोन मंगळवार असे गेल्यावर तिसऱ्याला, साडेदहालाच, दारावर थाप पडली. आंघोळवाली होती, एप्रनशिवाय. तिने आधी कुत्र्याला बोलावलं, नाकावरची घडी फाकवली, शेपटीचा बुंधा पाहिला.

“बरा झालाय,” ती म्हणाली. “तुम्हीच घातलीत?”

“हो.”

ती खुर्चीवर बसली. “तीन आठवडे मी तुमच्याशी भांडत होते. मनातल्या मनात. कुत्री धुताना, रस्त्यात, सगळीकडे. मग माणसांच्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलं. नाव न सांगता. म्हटलं, ती चार मिनिटं दाबत राहिलं असतं तर वाचली असती का?”

बाईंनी कुत्र्याच्या बरगड्यांवर हात ठेवला.

“त्या म्हणाल्या, कदाचित. बहुतेक नाही. नक्की कुणीच सांगू शकणार नाही. मी म्हटलं, एक काहीतरी सांगा ना. त्या म्हणाल्या, नाही सांगता येत.” तिने दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. “म्हणजे आता हे असंच राहणार. तुमच्याकडेही आणि माझ्याकडेही.”

“मी तुझ्या बाबांना भेटून सांगणार आहे,” बाई म्हणाल्या. “त्यांना सांगायलाच हवं.”

“नाही.” ती एकदम कडक झाली. “त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय, तुम्ही तिचा हात धरला होतात ते. ते तुम्ही काढून घ्यायचं नाही. तुमचं ओझं हलकं व्हावं म्हणून तर अजिबात नाही.”

 मुलगी म्हणत होती ते बरोबर होतं, आणि ते कबूल करणं शिक्षेपेक्षा जड होतं. सांगून मोकळं व्हायचं दारही तिने लावून घेतलं होतं. “बरं,” त्या म्हणाल्या.

 हवालदार दोघींच्या मध्ये उन्हाच्या पट्ट्यात पसरला आणि घोरायला लागला. दोघींनीही त्याच्या छातीकडे पाहिलं, ती हलतेय ना. आणि दुसरीही तेच बघतेय हे दोघींच्याही लक्षात आलं.

“ती टोकापर्यंत कधी गेली होती का?” आंघोळवालीने विचारलं. “आई. या टोकाकडून त्या टोकाला. घरी सांगायची की गेले म्हणून. पण ती थापाही मारायची.”

बाईंनी आठवून पाहिलं. आठ वर्षं त्यांना पोस्टमास्तरणीचा एकच दिवस आठवत होता. त्याआधीचे सगळे दिवस त्याच्याखाली दबून गेले होते. “रुंदीत गेली होती,” त्या म्हणाल्या. “लांबीत नाही. दोनदा रुंदीत. दुसऱ्यांदा पलीकडे पोचली तेव्हा कठडा धरून मला म्हणाली, आता पोचपावती द्या.”

आंघोळवालीला हसू फुटलं, आणि ते तिने आवरलं नाही.

त्यानंतर ती दर मंगळवारी येऊ लागली असं नाही. मधूनच एखाद्या वेळी यायची, कुत्र्याची नखं कापायची, उभ्याउभ्या चहा प्यायची. कधी आईबद्दल विचारायची, कधी एक अक्षर बोलायची नाही. मैत्री म्हणावी असं ते नव्हतं. एकदा ती आली, बाथरूमपर्यंत गेली आणि ‘आज नाही जमत’ म्हणून परत गेली. बाईंनी थांबवलं नाही. त्यांना अजूनही काही दुपारी तो आवाज यायचा, कुत्रा जागा असतानासुद्धा.

तीन महिन्यांनी भाऊ परतला. चकचकीत कुत्रा पाहून त्याला भरून आलं. बहिणीच्या बाथरूममध्ये काठोकाठ भरलेली बादली दिसली, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं.  तो हवालदाराला घेऊन गेला आणि नवव्या दिवशी त्याचा फोन आला.

“ताई, हा मला जुमानत नाही गं. नळ सोडला की पलंगाखाली जाऊन बसतो. वास यायला लागलाय.”

“खिडकी उघडी ठेवतोस का?”

“कुठली खिडकी?”

मंगळवारी सकाळी बाईंनी पिशवीत दोन टॉवेल, औषधी साबण आणि कापूस घातला आणि बसने भावाच्या घरी गेल्या. त्याची बाथरूम एवढीशी, खिडकी वर्षानुवर्षं न उघडलेली. बाईंनी आधी भावाला स्टुलावर चढवून तिची कडी सैल करायला लावली. मग बादली भरली, बाह्या वर सारल्या आणि पलंगाखाली वाकून हाक मारली. हवालदार कुरकुरत बाहेर आला.

“तू हनुवटी धर,” त्यांनी भावाला सांगितलं. “आणि आवाजाकडे लक्ष देऊ नकोस. छातीकडे बघ.”

भावाने गुडघे टेकले आणि हनुवटी धरली. बाईंनी पहिला तांब्या कुत्र्याच्या पाठीवर सावकाश ओतला.